कुत्र्याचं थडगं आणि कान्हेरीचा राजपुत्र

मुंगसाची गोष्ट मराठी घरात कुणाला नव्यानं सांगावी लागत नाही. पाळण्यात बाळ, राखणीला पाळलेलं मुंगूस, आई पाण्याला गेलेली. बिळातून साप निघतो, मुंगूस त्याचे तुकडे करतं आणि शाबासकीच्या आशेनं रक्ताळलेल्या तोंडानं दारात जाऊन उभं राहतं. आईला वाटतं, यानं बाळ खाल्लं. ती भरलेली घागर त्याच्या अंगावर घालते. आत जाऊन बघते तर बाळ खेळतंय. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली, विचार न करता केलेल्या कामाची ही गोष्ट.

आता हीच गोष्ट तेराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये बघायची. लिऑं शहराच्या उत्तरेला दोंब नावाचा तळ्यांचा प्रदेश आहे. १२५० च्या आसपास एतिएन द बुर्बों नावाचा डॉमिनिकन भिक्षू या भागात प्रवचनं देत, लोकांच्या पापांची कबुली ऐकत हिंडत होता. धर्मबाह्य चालीरीती शोधून काढण्याची जबाबदारीही चर्चनं त्याच्यावर टाकलेली होती. कबुली द्यायला आलेल्या बायका एकामागून एक सांगू लागल्या, आम्ही आमची मुलं संत गिनफोरकडे नेली होती. भिक्षूला वाटलं, असेल कुणी पुण्यपुरुष. त्यानं खोदून विचारलं तेव्हा कळलं, संत गिनफोर म्हणजे शिकारी जातीचा एक कुत्रा.

गावकऱ्यांनी सांगितलेली हकिकत त्यानं लिहून ठेवली. एका सरदाराच्या वाड्यात बाळ पाळण्यात होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. मोठा साप शिरला. कुत्रा त्याच्यावर धावून गेला, झटापटीत पाळणा उलटला, पण कुत्र्यानं साप मारला आणि बाळापासून लांब फेकला. दाई आत आली, रक्तानं भरलेला कुत्रा पाहून किंचाळली. आई धावली, तीही किंचाळली. सरदारानं तलवार उपसून कुत्र्याला मारलं. मग पाळणा सरळ केला तर बाळ शांत झोपलेलं. पश्चात्तापानं त्यांनी कुत्र्याला वाड्याच्या दारापुढच्या विहिरीत टाकलं, वर दगडांची रास रचली आणि आठवण म्हणून भोवती झाडं लावली. पुढे वाडा पडला, जागा ओसाड झाली. पण आसपासच्या शेतकऱ्यांनी निर्दोष मारल्या गेलेल्या या कुत्र्याला हुतात्मा मानलं आणि आजारी मुलांसाठी त्याला नवस बोलू लागले.

एतिएननं नवसाची रीतही बारकाईनं नोंदवली आहे. विधी माहीत असलेली एक म्हातारी आईबरोबर जायची. मीठ वाहायचं, बाळाची दुपटी झुडपांवर टांगायची, झाडांच्या बुंध्यांत खिळे ठोकायचे. दोन बुंध्यांमधल्या फटीतून उघडं बाळ नऊ वेळा इकडून तिकडे द्यायचं. हे आजारी मूल आमचं नाही, वनातल्या भुतांनी बदलून ठेवलेलं आहे, ते त्यांनी परत न्यावं आणि आमचं धडधाकट मूल आणून द्यावं, अशी विनवणी करायची. मेणबत्त्या पेटवून बाळाला तिथं काही वेळ एकटं सोडायचं. परत आल्यावर जगलं असेल तर जवळच्या शालारोन नदीत नऊ वेळा बुडवून काढायचं. काही मुलं यात दगावत. भिक्षूचा संताप त्याच्या ओळीओळीत दिसतो. त्यानं कुत्र्याची हाडं उकरून काढली, ती झाडी तोडली आणि दोन्ही एकत्र जाळली. तिथं पुन्हा कुणी गेलं तर मालमत्ता जप्त होईल, असा हुकूम काढवला.

लोक जायचे थांबले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका स्थानिक अभ्यासकानं चौकशी केली तेव्हा त्या रानाला अजून संत गिनफोरचं रान म्हणत होते आणि आजारी मुलांसाठी तिथं जाण्याची आठवण गावात होती. एतिएननं जाळपोळ केली त्याला तोवर सहाशेहून जास्त वर्षं होऊन गेली होती. १९७९ मध्ये जाँ-क्लोद श्मित या फ्रेंच इतिहासकारानं या सगळ्यावर एक पुस्तकच लिहिलं. मध्ययुगीन गावकऱ्यांच्या मनाचा अभ्यास कसा करावा, याचा नमुना म्हणून ते आजही वाचलं जातं.

तेराव्या शतकातल्या त्या अडाणी आयांच्या बाजूनं एकही कागद उरलेला नाही. त्यांच्याबद्दल जे कळतं ते त्यांचा विरोधक असलेल्या भिक्षूमुळे. आणि तो मजकूर आज पुण्यातल्या, सोलापुरातल्या किंवा शिकागोतल्या मराठी माणसाला मोबाइलवर दोन मिनिटांत उघडता येतो. एतिएनच्या ग्रंथातल्या कथा १८७७ मध्ये लकोय द ला मार्श या अभ्यासकानं पॅरिसमध्ये छापल्या. त्या जुन्या पुस्तकाची छायाचित्रित प्रत इंटरनेटवर मोफत आहे. लॅटिन येत नसेल तर न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठाच्या ‘इंटरनेट मेडिएव्हल सोर्सबुक’वर याच प्रकरणाचं इंग्रजी भाषांतर आहे. पॉल हॉल्सॉल यांनी १९९६ मध्ये, इंटरनेट अजून रांगत होतं तेव्हा, हा संग्रह सुरू केला. मध्ययुगातले मूळ कागद भाषांतरासह, पैसे न घेता, कुणालाही वाचू द्यायचे एवढंच त्याचं काम. दिसायला तो आजही साधा आहे, पण नवख्या वाचकानं पहिलं पाऊल तिथंच टाकावं.

संतांच्या चरित्रांना युरोपीय अभ्यासात हॅजिओग्राफी म्हणतात. ‘हागिओस’ म्हणजे पवित्र आणि ‘ग्राफेइन’ म्हणजे लिहिणं, हे दोन ग्रीक शब्द त्यात आहेत. या चरित्रांचं एक वैशिष्ट्य महिपतींचा ‘भक्तविजय’ वाचलेल्या माणसाला लगेच ओळखू येतं. एका संताच्या आयुष्यात घडलेला प्रसंग दुसऱ्याच्याही आयुष्यात येतो. लेखकाला ती चोरी वाटत नाही. नवा संत जुन्या संतांच्या माळेतला आहे, हे पटवण्याची ती रीत आहे. म्हणून एखादी चमत्कारकथा घेऊन हे खरंच घडलं का, एवढंच विचारत बसलं तर फार काही हाती लागत नाही. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी लिहिली, कोणत्या मठासाठी, संत गेल्यावर किती वर्षांनी, आणि पुढच्या नकलाकारानं तिच्यात काय घातलं, हे विचारलं की तोच कागद बोलू लागतो. हे प्रश्न विचारायचे तर मूळ पानापर्यंत पोचावं लागतं, आणि तिथं पोचण्याची वाट चारशे वर्षांपूर्वी काही जेझुइट पाद्र्यांनी पाडली.

हेरिबर्ट रोसवाइड हा त्यातला पहिला. आजच्या बेल्जियममधल्या मठांच्या ग्रंथालयांतून हिंडताना त्याच्या लक्षात आलं, की छापून लोकप्रिय झालेली संतचरित्रं आणि मठांतल्या जुन्या हस्तलिखितांतला मजकूर यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. नंतरच्या लेखकांनी भाषा सजवली होती, न पटणारं गाळलं होतं, हवं ते भरलं होतं. १६०७ मध्ये त्यानं योजना जाहीर केली: सगळ्या संतांची सर्वांत जुनी चरित्रं जशी सापडतील तशी अठरा खंडांत छापायची. रोममधल्या कार्डिनल बेलार्मीनोनं योजना वाचून विचारलं म्हणे, हा गृहस्थ दोनशे वर्षं जगणार आहे का? रोसवाइड १६२९ मध्ये वारला, तेव्हा एकही खंड झालेला नव्हता.

त्याचे कागद जाँ बोलां या दुसऱ्या जेझुइटाकडे आले. त्यानं अँटवर्पमध्ये काम मांडलं, गॉडफ्री हेन्शेन या सहकाऱ्याला हाताशी घेतलं आणि १६४३ मध्ये जानेवारीतल्या संतांचे दोन जाडजूड खंड बाहेर पडले. या ग्रंथमालेचं नाव ‘आक्ता सांक्तोरुम’, म्हणजे संतांची कृत्यं. बोलांच्या नावावरून या अभ्यासकांना बोलांडिस्ट म्हणू लागले. बोलांडिस्टांची ही संस्था आजही ब्रुसेल्समध्ये काम करते आहे.

तिसरा माणूस डॅनिएल पापेब्रोक. १६६० ते १६६२ अशी दोन वर्षांहून जास्त काळ तो आणि हेन्शेन जर्मनी, इटली, फ्रान्स पालथे घालत हिंडले. मठामठांत बसून हस्तलिखितांच्या नकला उतरवल्या, जिथं वेळ पुरला नाही तिथं नकलाकार लावले. आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गॅलिका’, व्हॅटिकनचं डिजिटल ग्रंथालय किंवा स्वित्झर्लंडचं ‘ई-कोडिसेस’ उघडून जे एका संध्याकाळी पाहता येतं, त्यातल्या एखाद्या पानासाठी हे दोघे कितीतरी दिवसांचा प्रवास करत.

पापेब्रोकच्या चोखंदळपणानं त्याला अडचणीतही आणलं. कार्मेलाइट पंथाचे भिक्षू आपला पंथ थेट बायबलमधल्या एलिया संदेष्ट्यानं स्थापला असं सांगत. पापेब्रोकनं लिहिलं, याला पुरावा नाही. वाद इतका चिघळला की १६९५ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयानं त्याच्या खंडांवर बंदी घातली. ती उठली १७१५ मध्ये, तो वारल्यानंतर. दुसरी गोष्ट त्याहून लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुनी दानपत्रं खरी की बनावट हे ओळखण्याचे काही नियम त्यानं १६७५ मध्ये मांडले आणि त्या भरात फ्रान्समधल्या बेनेडिक्टाइन मठांच्या कागदांवर संशय घेतला. त्या मठांच्या बाजूनं जाँ माबियों उभा राहिला. सहा वर्षं खपून त्यानं ‘द रे दिप्लोमातिका’ हा ग्रंथ लिहिला. अक्षराचं वळण, शाई, मुद्रा, तारखा लिहिण्याची पद्धत, सह्या हे सगळं पारखून दस्तऐवज कसा तपासायचा, ते त्यात होतं. जुन्या दस्तऐवजांच्या परीक्षेचं शास्त्र या ग्रंथापासून सुरू झालं असं मानतात. पापेब्रोकनं ग्रंथ वाचला, आपलं चुकलं हे पत्र लिहून माबियोंला कळवलं आणि त्याचं मनापासून अभिनंदन केलं. विद्वानांच्या भांडणाचा असा शेवट फार क्वचित होतो.

पुढे १७७३ मध्ये पोपनं जेझुइट पंथच बरखास्त केला. तरी बोलांडिस्टांनी काही वर्षं काम रेटलं. फ्रेंच क्रांतीच्या फौजा आल्या आणि १७९४ नंतर ते बंद पडलं. १८३७ मध्ये पुन्हा सुरू झालं. संतांचा क्रम वर्षातल्या दिवसांप्रमाणे असल्यानं खंड पुढं सरकत सरकत नोव्हेंबरच्या १० तारखेपर्यंत आले, आणि डिसेंबरसाठीचा एक प्रास्ताविक खंड १९४० मध्ये निघाला. एकूण अडुसष्ट खंड. अठरा खंडांच्या योजनेला तीनशेहून जास्त वर्षं लागली आणि ती वर्षाच्या अखेरीपर्यंत पोचली नाहीच.

हे खंड आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’ आणि ‘गूगल बुक्स’वर सापडतात. पण ते वापरायचे कसे, हे माहीत नसेल तर वाचक दहा मिनिटांत कंटाळून बाहेर पडेल. पहिली गोष्ट म्हणजे संताचं नाव शोधण्याआधी त्याचा दिवस शोधायचा. हा दिवस बहुधा संताच्या मृत्यूचा असतो. लॅटिनमध्ये त्याला जन्मदिवस म्हणतात, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला असं मानतात. आपल्याकडे संतांची जयंती असते तशी पुण्यतिथी असते आणि आळंदीत, देहूत तिलाच मोठा सोहळा होतो. तेव्हा ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटायचं कारण नाही. दिवस कळला की महिना, महिन्यावरून खंड, खंडातून पान. आणि ज्याचा दिवस १० नोव्हेंबरनंतर येतो, त्याचं प्रकरण या मालेत नाही. गोव्यात ज्याच्या दर्शनाला हजारो लोक लोटतात त्या फ्रान्सिस झेवियरचा दिवस ३ डिसेंबर. त्याच्याच पंथानं चालवलेल्या या प्रचंड ग्रंथात म्हणूनच त्याचं चरित्र यायचं राहून गेलं.

दुसरी अडचण अक्षराची. सतराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा रोमन ‘स’ (s) लांब काठीसारखा छापत. तो जवळजवळ ‘फ’सारखा (f) दिसतो. पान वाचणारा संगणकी कार्यक्रम फसतो आणि ‘सांक्तुस’ला ‘फांक्तुस’ करून टाकतो. सरळ शब्द टाकून शोधलं तर शून्य निकाल येतात आणि वाचक समजतो की इथं काही नाही. ‘स’च्या जागी ‘फ’ घालून शोधलं की पानं भराभर उघडतात. एवढी एक क्लृप्ती माहीत असेल तर पुष्कळ वेळ वाचतो. तिसरी अडचण आवृत्त्यांची. अँटवर्प-ब्रुसेल्सची मूळ, व्हेनिसची अठराव्या शतकातली आणि पॅरिसची एकोणिसाव्या शतकातली, अशा तीन ठिकाणी हे खंड छापले गेले. पानांचे आकडे जुळत नाहीत. तळटीपेत दिलेलं पान उघडावं आणि तिथं भलताच संत भेटावा, असं झालं तर दोष लेखकाचा नसतो, आवृत्ती वेगळी असते.

फुकट मिळतं ते बहुधा जुनं असतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. स्वामित्वहक्क संपलेली एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं मोकळी आहेत. त्यांतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या नव्या आवृत्त्या बहुतेक वेळा वर्गणीच्या कुलपाआड असतात. शंभर वर्षांपूर्वीचा कॅथॉलिक ज्ञानकोश इंटरनेटवर सहज मिळतो आणि जो तो त्यातलंच उतरवून घेतो. पण तो लिहिला गेल्यानंतर कितीतरी संतांच्या तारखा, कितीतरी चरित्रांचे लेखक बदलले आहेत. चॅट करणाऱ्या नव्या यंत्रांना विचारलं तर उत्तर झटकन आणि मोठ्या आत्मविश्वासानं येतं, पण त्यांनी दिलेला ग्रंथ आणि पान प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय त्यावर एक ओळही लिहू नये.

बोलांडिस्टांनी १८९८ ते १९०१ या काळात आणखी एक काम केलं. बाहेरच्यांना ते फारसं ठाऊक नसतं. त्यांनी लॅटिनमधल्या संतचरित्रांची एक सूची केली आणि प्रत्येक मजकुराला क्रमांक दिला. हे क्रमांक नऊ हजारांच्या घरात जातात. एकाच संताची पाच-दहा चरित्रं असतात, काहींची सुरुवात सारखी, काहींचा शेवट. नावानं बोलायला गेलं की गोंधळ होतो, क्रमांक घातला की ब्रुसेल्समधला आणि बंगळुरूमधला अभ्यासक एकाच मजकुराबद्दल बोलतात. कोणत्या क्रमांकाचा मजकूर कोणत्या ग्रंथालयातल्या कोणत्या हस्तलिखितात आहे, हे सांगणारी माहितीपेढी बोलांडिस्टांनी बेल्जियममधल्या एका विद्यापीठाबरोबर तयार केली आणि इंटरनेटवर ठेवली. एखादी कथा कोणत्या शतकात, कोणत्या मुलखात लोकप्रिय होती, हे त्यावरून दिसतं. मठांत बसून नकला उतरवणाऱ्या पापेब्रोकला हे साधन मिळालं असतं तर तो काय म्हणाला असता कोण जाणे.

प्राचीन काळाच्या शेवटाकडचे, म्हणजे साधारण सन ७०० पर्यंतचे संत हवे असतील तर ऑक्सफर्ड विद्यापीठानं केलेली ‘कल्ट ऑफ सेंट्स’ ही माहितीपेढी अप्रतिम आहे. ग्रीक आणि लॅटिनच्या जोडीला सिरियाक, कॉप्टिक, आर्मेनियन, जॉर्जियन या भाषांतले पुरावेही तिथं इंग्रजी सारांशासह आहेत. ग्रंथ तर आहेतच, शिलालेख आणि चर्चच्या भिंतींवरचे लेखही आहेत. बायझंटाइन साम्राज्यातल्या आठव्या ते दहाव्या शतकांतल्या संतांसाठी वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स संस्थेची सूची आहे. जर्मनीची ‘मोनुमेंटा’ ही १८१९ पासूनची ग्रंथमालाही पानोपान मोफत आहे.

हस्तलिखितांची छायाचित्रं आता अशा एका समान पद्धतीनं ठेवतात की दोन देशांतल्या दोन प्रती एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावून ताडता येतात. मात्र ही सोय कायमची आपली, असं समजून चालणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं दीर्घकाळ दिसेनाशी झाली. ज्यांनी हवी ती पानं आधी उतरवून ठेवली होती, त्यांचंच काम चालू राहिलं.

ही साधनं हाताशी असली की एखाद्या गोष्टीचा माग कुठवर जातो, याचं एक उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगण्याजोगं आहे, कारण तो माग मुंबईत येऊन पोचतो.

मध्ययुगातलं सर्वांत लोकप्रिय संतचरित्रांचं पुस्तक म्हणजे जाकोबुस द व्होराजिने या इटालियन डॉमिनिकनानं १२६० च्या दशकात सिद्ध केलेलं ‘लेजेंडा ऑरेआ’, सोनेरी कथा. त्याची सुमारे हजार हस्तलिखितं आजही शिल्लक आहेत. विल्यम कॅक्स्टननं १४८३ मध्ये ते इंग्रजीत छापलं आणि तो मजकूर आता इंटरनेटवर आहे. त्यात बार्लाम आणि जोसाफात या दोन संतांची कथा येते. हिंदुस्थानच्या एका राजाला मुलगा होतो. हा मुलगा राज्य सोडून धर्माच्या मार्गाला लागेल, असं ज्योतिषी सांगतो. राजा त्याला महालात कोंडून सुखात वाढवतो. दुःख, रोग, म्हातारपण त्याच्या नजरेला पडू देत नाही. एक दिवस राजपुत्र बाहेर पडतो. त्याला महारोगी दिसतो, आंधळा दिसतो, वाकलेला म्हातारा दिसतो. मन अस्वस्थ होतं. रत्नांच्या व्यापाऱ्याच्या वेशात बार्लाम नावाचा तपस्वी येतो, राजपुत्राला उपदेश करतो, आणि राजपुत्र राज्यावर पाणी सोडतो.

ही कथा वाचताना मराठी वाचकाला पुढचं पान उलटायची गरज पडत नाही. हा सिद्धार्थ आहे. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द इराणमार्गे अरबीत गेला तेव्हा ‘बूदासफ’ झाला. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ब’ आणि ‘य’ यांत फरक फक्त खालच्या ठिपक्यांचा, ‘ब’ला एक आणि ‘य’ला दोन. कुणा नकलाकाराच्या हातून एक ठिपका जास्त पडला आणि ‘बूदासफ’चा ‘यूदासफ’ झाला. जॉर्जियन भाषेत कथा ख्रिस्ती झाली. तिथून ॲथोस पर्वतावरच्या युथिमियस या जॉर्जियन भिक्षूनं ती ग्रीकमध्ये नेली असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रीकमधून लॅटिन आणि लॅटिनमधून साऱ्या युरोपच्या भाषा. शेवटी गौतम बुद्ध संत जोसाफात या नावानं रोमन चर्चच्या अधिकृत यादीत दाखल झाला. दिवस २७ नोव्हेंबर. १५७१ मध्ये व्हेनिसच्या प्रमुखानं या संताची म्हणून काही हाडं पोर्तुगालच्या राजाला भेट दिली, आणि फिरत फिरत ती अँटवर्पला, बोलांडिस्टांच्याच गावात, जाऊन पोचली. त्यांच्या ग्रंथाची मजल मात्र २७ नोव्हेंबरपर्यंत गेली नाही.

युरोपातल्या पंडितांना हे साम्य नीट उमगलं १८६० च्या सुमारास. पण त्याच्या अडीचशे वर्षं आधी गोव्यात राहणाऱ्या एका माणसाला ते दिसलं होतं. दिओगो दु कूतो हा पोर्तुगीज इतिहासकार गोव्याच्या सरकारी दफ्तरखान्याचा प्रमुख होता आणि १६१६ मध्ये तो गोव्यातच वारला. आशियातल्या पोर्तुगीज कारभाराचा मोठा इतिहास त्यानं लिहिला. त्यात बुद्धाची हकिकत सांगितल्यावर तो म्हणतो की हिंदुस्थानच्या राजपुत्राची जी कथा आमच्या संत जोसाफातच्या चरित्रात आहे, ती अगदी अशीच, सगळ्या तपशिलांसह अशीच आहे. तेव्हा या देशातल्या जुन्या ग्रंथांत जोसाफातबद्दल काही सापडतं का, याची चौकशी आपण केली.

या चौकशीच्या ओघात तो साष्टी बेटावरचा, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या मुलखातला, एक प्रसंग सांगतो. हा भाग तेव्हा वसईच्या पोर्तुगीज अमलाखाली होता. कूतो कान्हेरीची लेणी बघायला गेला होता. अख्ख्या डोंगरात कोरलेल्या त्या दालनांनी तो थक्क झाला. ही कुणी केली असतील, असं त्यानं तिथल्या एका फार वृद्ध माणसाला विचारलं. म्हाताऱ्यानं जराही न अडखळता सांगितलं, संत जोसाफातच्या बापानं. मुलाला जगापासून लांब ठेवून वाढवायला त्यानं ही कोरून घेतली.

कूतोचा हा पोर्तुगीज मजकूर हेन्री यूल यांनी मार्को पोलोच्या प्रवासवर्णनावरच्या आपल्या टिपांत इंग्रजीत दिला. तो ग्रंथ ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर आहे. श्रीलंकेवरच्या प्रकरणाच्या टिपा उघडल्या की साष्टीचा म्हातारा तिथं भेटतो. त्या म्हाताऱ्याला जोसाफात कुठून कळला? पोर्तुगीज पाद्री तोवर साष्टीत दोन पिढ्या वावरत होते, चर्चमध्ये संतांच्या कथा सांगत होते. त्यातलीच एक त्यानं ऐकली असावी आणि गावाजवळच्या डोंगराला लावली असावी. कान्हेरीची लेणी बौद्ध भिक्षूंची होती, याची आठवण गावात उरली होती की नाही, हे त्याच्या उत्तरातून समजत नाही. पण उत्तरेत जन्मलेली राजपुत्राची गोष्ट इराणी, अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन, पोर्तुगीज अशा भाषा ओलांडून, नाव बदलून, धर्म बदलून, समुद्रमार्गे साष्टीत आली आणि कान्हेरीच्या पायथ्याशी कुणीतरी ती नेमकी त्याच डोंगराला जोडली.

बोरिवलीहून राष्ट्रीय उद्यानातून वर गेलं की तिसऱ्या क्रमांकाचं लेणं लागतं. चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या दोन उंचच उंच मूर्ती उभ्या आहेत, सुमारे सात मीटरच्या. म्हातारा आणि कूतो बोलत होते तेव्हाही त्या तिथंच उभ्या होत्या.